जुनी एस-क्लास पाहायची असेल तर आधी ती उभी असताना पाहा

जुनी आलिशान सेडान पाहायला जाण्यापूर्वी मी विकणाऱ्याला एक विनंती आवर्जून करतो: आदल्या संध्याकाळपासून गाडी सपाट जागेवर उभी असू द्या आणि मी येईपर्यंत ती सुरू करू नका. लहान गाडी चालवली की तिचे दुखणे लगेच कानावर येते. मर्सिडीझची एस-क्लास किंवा बीएमडब्ल्यूची सेव्हन सीरीज मात्र आवाज, हादरे आणि खड्डे आतल्या माणसाला जाणवू नयेत म्हणूनच बांधलेली असते. त्यामुळे बेळगावहून हत्तरगी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो तरी गाडीच्या आरामाची खात्री पटते, प्रकृतीची नाही.

अलीकडे मावसभावासाठी टिळकवाडीत एक एस-क्लास पाहिली. ती 2005 ते 2013 या काळात निघालेल्या पिढीतली, डिझेल व्ही-सिक्स इंजिनाची होती. रंग उत्तम होता आणि कातडी आसनांवर सुरकुतीही नव्हती. उद्यमबागेतल्या एका अनुभवी फिटरना मी सोबत नेले होते. त्यांनी दार उघडण्याआधी टेप काढला आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. पुढच्या डाव्या बाजूला ते उजवीपेक्षा चांगले दोन बोटे कमी भरले. ‘‘साहेब, गाडी एका कोपऱ्यात बसली म्हणजे तिथला फुगा गळतोय, आणि तो भरून भरून कंप्रेसरही दमलेला असणार,’’ असे ते म्हणाले.

या गाड्यांच्या एअर सस्पेन्शनचे गणित हेच आहे. स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगे असतात आणि घडीवरचे रबर वयोमानाने तडकते. गळती बारीक असली तरी उंची राखण्यासाठी कंप्रेसर पुन्हा पुन्हा चालतो आणि अखेर तोही निकामी होतो. म्हणून गाडी सुरू केल्यावर ती किती वेळात सरळ होते आणि कंप्रेसर किती वेळ घरघरत राहतो, हे शांतपणे ऐकावे. पुढची संपूर्ण बाजूच खाली बसलेली असेल तर दोन्ही फुगे किंवा व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे फुग्यांकडे हवा सोडणारा झडपांचा संच, तपासून घ्यावा. गाडी एखाद्या नव्या मध्यम मोटारीच्या दरात मिळते, पण तिचे सुटे भाग एस-क्लासच्याच दराने येतात, हे बोलणी करताना विसरून चालत नाही.

इंजिन थंड हवे, म्हणून बॉनेटवर आधी हात ठेवून पाहावा. या डिझेल इंजिनाचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसवलेला असतो. त्याचे सील गेले की तेल मागच्या बाजूने ओघळून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावर ठिबकते आणि पाहणाऱ्याला क्रँकचेच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचेच, मागचे सील गेल्यासारखे वाटते. सील तसे किरकोळ किमतीचे, पण तिथपर्यंत पोहोचण्यासाठी वरचा टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवावा लागतो, म्हणजे खरा खर्च मजुरीचा. खालचे आवरण काढून पाहू द्यायला विकणारा तयार नसेल, तर मी तिथूनच परततो.

आपल्या भागात पुराची शंका घेणे भागच आहे. 2019 आणि 2021 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाणी कुठवर चढले होते, हे निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला सांगायला नको. पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावेत. एरवी गुंडाळीत राहणाऱ्या टोकाजवळ गाळाची रेघ उरते. आसनांखालचे बोल्ट गंजलेले आहेत का तेही पाहावे आणि गालिचा उचलून त्याखालचा जाड फोम दाबावा. हा फोम ओल फार काळ धरून ठेवतो आणि वायरिंगचे जोड तिथे आतल्या आत हिरवे पडत जातात.

कागदपत्रे पाहताना तर सीमाभागातल्या माणसाने अधिकच सावध राहावे. कोल्हापूरची एमएच-09 किंवा गोव्याची गाडी स्वस्त दिसते, परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाची नमुना 28 मधली एनओसी हवी आणि गाडीवर कर्ज असेल तर नमुना 35 वर बोजा उतरलेला हवा. शिवाय कर्नाटकाचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे घटत असला तरी मूळ किंमतच एवढी मोठी असते की ती रक्कम डोळ्यांत भरते. मूळ राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो हाती येईपर्यंत पैसे आपलेच अडकतात.

टिळकवाडीतल्या गाडीचे पासिंग केए-22 चे, म्हणजे बेळगावचेच होते आणि सर्व्हिसची बिले सलग लावलेली होती. म्हणून मी भावाला व्यवहार मोडायला सांगितले नाही. पुढचे दोन्ही फुगे आणि कंप्रेसर यांचा लेखी अंदाज घ्यावा, तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागावी, आणि मालक कबूल झाला तरच बयाणा द्यावा, एवढेच सुचवले.