धोंडू

भाच्याचं बारसं आठ दिवसांवर आलंय. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पण यादी वहिनीच्या मोबाइलमध्ये. रियांश, कियांश, विवान... काल दुपारी ती वाचून दाखवत होती, तेव्हा मी आपलं सहज म्हटलं, "पणजोबांचंच ठेवू या की. धोंडू." वहिनीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं चहा टाकायला उठले.

धोंडू म्हणजे धोंडा. मुलं जगत नसली की पुढच्याला असं नाव द्यायचं, की दृष्ट लावणाऱ्यालाही लाज वाटावी. दगडू, केरू, कोंडिबा, भिकू. कुणी मुलाचं नाक टोचून त्याला नथू करायचे. यम वही उघडतो, दगड, केर, कोंडा असं वाचतो आणि नाक मुरडून पुढच्या घरी जातो, असं चित्र लहानपणी माझ्या डोळ्यांसमोर यायचं. पुराव्याला धोंडो केशव कर्वे होतेच: जन्म १८५८, शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि त्यानंतरही १९६२ पर्यंत मुक्काम. केरूनाना छत्रे तर असलं नाव मिरवत ग्रहांची गणितं मांडत बसले.

हाल झाले ते आजीचे. नवऱ्याचं नाव घ्यायची सूट फक्त उखाण्यापुरती. त्यामुळे तिच्या भाषेत धोंडा नव्हताच. लोक पायावर धोंडा मारून घेत, ती दगड मारून घ्यायची. धोंड्याचा महिना तिच्यापुरता कायम 'अधिक'. एकदा आम्ही मुद्दाम न्हाणीपाशी पडलेल्या धोंड्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजी, हे काय गं?" तिनं पदर तोंडाला लावला. "ते काय ओसरीवर बसलेत, त्यांचं नाव." ओसरीवरचे आजोबा सुपारी कातरता कातरता इतके हसले, की अडकित्ता खाली पडला.

चहा घेताना वहिनीनं विचारलं, "त्यांच्या आधीची किती गेली होती?"

तीन. आजी सांगायची ना. त्या तिघांची नावं चांगली, हौसेनं ठेवलेली होती म्हणे, देवांची.

कुठल्या देवांची, ते आता घरात कुणालाच सांगता येत नाही.