खांबाच्या पोटातलं पाणी

लालबागमधल्या एका बंद गिरणीचं साचाखातं, म्हणजे कापड विणायच्या मागांचा विभाग, आम्हाला ऑफिसं, दुकानं आणि उपाहारगृहांसाठी तयार करायचं होतं. मागे टॉवर, पुढे चिमणी, आणि मधे करवतीच्या दात्यांसारखं हे छप्पर जसंच्या तसं. त्या छपरावर माझा जीव. काचा फक्त उत्तरेच्या अंगाला, म्हणून ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो. साच्यावर तुटलेला धागा दिसायला तोच लागतो.

जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला आणि सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, छप्पर गळतंय." जाऊन पाहिलं तर ते गळत नव्हतं, भरून वाहत होतं. दोन उतारांमधल्या पन्हळी काठोकाठ, आणि पाणी भिंतीवरून थेट नव्या काँक्रीटवर. ठेकेदाराने बाहेरून पाइप टाकायला सांगितले. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

गेटवर एक काका नेहमी येऊन उभे राहायचे. इथेच फिटर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर परत आत पाऊल नाही. गिरणी कामगारांसाठीच्या म्हाडाच्या घराचा अर्ज भरलेला, सोडतीत नाव लागलेलं नाही. त्या दिवशी मी त्यांना आत घेतलं.

ओल्या जमिनीकडे त्यांनी बघितलंच नाही. पाना मागितला आणि काँक्रीट न पडलेल्या कडेच्या बिडाच्या खांबावर मारला. घंटेसारखा आवाज. पुढच्या खांबावर मारला, तर आवाज बसका.

"ऐकलंस का पोरी? हा भरलाय. पाणी खांबाच्या पोटातून खाली उतरतं, खालच्या मोरीत. मोरी कुठं बुजवलीत?"

आम्हीच बुजवली होती. आमच्या नकाशात ते खांब भरीव होते, आणि त्या नकाशावर सही माझी होती. दुसऱ्या दिवशी चार खांबांभोवतीचं काँक्रीट फोडलं. आधी गंजाचे पापुद्रे आणि काळा गाळ, मग तासभर पाणी. काका तिथेच बसून होते. म्हणाले, पावसाळ्याआधी मोऱ्या साफ करणं हे त्यांचंच काम असायचं.

१९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होणार होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या बदलानंतर वाटपाला उरली फक्त मोकळी जमीन, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. म्हणजे ज्या छपराखाली हा माणूस राबला, त्याखालची जमीन त्याच्या घराच्या हिशेबात धरलीच जात नाही. हे कलम मी कामासाठी कितीदा वाचलं होतं. त्यांच्याशेजारी उभी असताना ते मला पहिल्यांदा नीट कळलं.

"इथं काय होणार?" त्यांनी विचारलं.

"कॉफीचं दुकान."

"खांब ठेवताय ना? मग झालं."

नव्या नकाशात प्रत्येक खांब पोकळ दाखवला आणि खाली टीप लिहिली: माहिती देणारे, साचाखात्यातले निवृत्त फिटर, पुढे त्यांचं पूर्ण नाव. क्लायंटच्या ऑफिसातून नकाशा परत आला तेव्हा ती ओळ खोडलेली होती. मी ती पुन्हा लिहून पाठवली.