मांडवीचं पाणी एकदाच मोजून भागत नाही

गोव्यातल्या मांडवीच्या खाडीचा कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी बघते, नमुने कुठल्या महिन्यात घेतलेत आणि तेव्हा भरती होती की ओहोटी. हे लिहिलेलं नसेल तर पुढच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

समुद्राच्या पाण्यात किलोमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. एप्रिल-मेमध्ये वरून पाणी जेमतेम येतं, तेव्हा भरती हे खारेपण पार आतवर नेते. जुलैत म्हादईला, म्हणजे वरच्या अंगाच्या मांडवीलाच, लोंढा आला की रायबंदरच्या धक्क्यापाशी वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं, मुखाकडे मात्र तळाला खारं पाणी घुसलेलं असतं. खाडी एकच, पण मे महिन्यातली आणि जुलैतली ओळखू येत नाही.

मोजमापातलं माझं आवडतं काम पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायच्या बाटलीचं. नळी तळापर्यंत सोडून बाटली सावकाश भरायची, पाणी वरून ओसंडू द्यायचं. एकही बुडबुडा राहता कामा नये. मग होडीतच मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं, कारण पाण्यातले जीव प्राणवायू वापरतच असतात, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत थांबत नाहीत. बूच लावून बाटली उलटसुलट केली की तपकिरी साका धरतो. प्राणवायू नसेल तर तो पांढराच राहतो. आमचे होडीवाले काका आता रंग बघूनच विचारतात, "आज फिकट दिसता गो?" त्यांचा अंदाज सहसा बरोबर निघतो.

2018 मध्ये म्हादई पाणीतंटा लवादाने म्हादईचं 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी कर्नाटकाला दिलं. तेव्हापासून सगळी भांडणं टीएमसीत चालली आहेत. मला काळजी आहे ती मिठाची. वरचं पाणी घटलं तर खारेपण किती आत सरकेल, पावसाळ्यानंतर किती लवकर परतेल? खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, कोरगूट भात थोडं मीठ सोसतं, कितीही नाही. तिसऱ्यांचंही तसंच. आणि बदल झालाय हे दाखवायचं तर आधीची, त्याच जागेची, वर्षानुवर्षांची नोंद हवी.

1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथे दोनापावल्यालाच आहे, जाणकारांची इथे वाण नाही. मुखापासून वर गांजे गावापर्यंत ठरलेल्या जागा, दर महिन्याला एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (लहान भरतीला) मोजमाप, आणि ते आकडे काठावरच्या प्रत्येक पंचायतीच्या फलकावर, एवढं तरी सुरू व्हायलाच हवं. खाजणाची मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप, कधी उघडायची हे ठरवणाऱ्या माणसाला ते सगळ्यात आधी कळले पाहिजेत.