थ्रेशर १:९६, नोंद चौदावी: जाळीवरचा बर्फ

गेल्या रविवारी माझी थ्रेशर, म्हणजे १९६३ मध्ये बुडालेल्या त्या नावाच्या अमेरिकी अणुपाणबुडीची रेडिओवर चालणारी १:९६ प्रमाणातील प्रतिकृती, मावसभावाच्या मळ्यातील विहिरीच्या तळाशी एक तास चाळीस मिनिटे बसून राहिली आणि शेवटी पोहरे काढण्याच्या चार काट्यांच्या गळाने तिला वर ओढावे लागले. शेपटीकडील उभ्या सुकाणूचा वरचा भाग तुटला असून मनोऱ्यावरील रंगाला दोन ओरखडे आले आहेत. पण डब्ल्यूटीसी, म्हणजे आतील यंत्रणेचे जलरोधक नळकांडे, पूर्ण कोरडी निघाली. तेराव्या नोंदीत त्या नळकांड्याच्या झाकणांविषयी मी बरीच कुरकुर केली होती, ती सपशेल मागे घेतो. बोहरी आळीत मिळालेल्या साध्या ओ-रिंगांनी जे करून दाखवले, ते परदेशातून मागवलेल्या महागड्या संचाला दोन प्रयत्नांत जमले नव्हते.

नौका वर का आली नाही, हा या नोंदीचा विषय आहे. बॅलास्ट टाकीत ६५० मिलिलिटर पाणी घेऊन ती ठरल्याप्रमाणे बुडाली, चार मीटरवर स्थिरावली आणि तेथून टाकी रिकामी करण्याचा आदेश दिल्यावर सर्व्होने, म्हणजे रेडिओच्या आदेशावर फिरणाऱ्या छोट्या मोटरने, वायूची झडप उघडली. बुडबुडे आले, नाक किंचित वर झाले आणि आठ-दहा सेकंदांत बुडबुडे थांबले. झडप उघडीच होती आणि कार्बन डायऑक्साइडची १६ ग्रॅमची नळी नवी होती, तरीही टाकीत वायू जात नव्हता. नौका हळूहळू मागच्या बाजूने खाली गेली. प्रमाणाने पाहिले तर चार मीटर म्हणजे खऱ्या थ्रेशरची चाचणीत जाण्यासाठी ठरलेली सुमारे ४०० मीटरची कमाल खोली, हा योगायोग त्या क्षणी मला मुळीच रुचला नाही. पाण्याचा दाब आपल्या प्रमाणाप्रमाणे लहान होत नाही, हे या छंदातील प्रत्येकाला ठाऊक आहे. बर्फही तसा लहान होत नाही, हे मला नव्याने कळले.

घरी आल्यावर नळीतील वायूचा दाब कमी करणारा दाबनियंत्रक उघडला. त्याच्या तोंडाशी बसवलेली बारीक पितळी जाळी ओली होती. ही जाळी मी बसवलेली नाही. विक्रेत्याने झडपेत कचरा जाऊ नये म्हणून ती आतच दिलेली आहे आणि सोबतच्या कागदात तिचा उल्लेखही नाही. संशय आला म्हणून तो दाबनियंत्रक मी उघड्या अवस्थेत चिमट्यात धरला, जाळीवर ड्रॉपरने पाण्याचे तीन थेंब टाकले आणि वायू सलग सोडला. अकराव्या सेकंदाला जाळी पांढरी झाली आणि प्रवाह बंद पडला. कोरड्या जाळीने हाच प्रयोग केला तेव्हा वायू नळी संपेपर्यंत वाहत राहिला. वायू एकाएकी प्रसरण पावताना तीव्र थंडावतो आणि वाटेत ओलावा असेल तर तो पहिल्या अडथळ्यावर गोठतो, इतकेच ते गणित आहे. जुलैच्या दमट हवेत विहिरीच्या काठावर ओल्या हातांनी नळी बदलताना ओलावा आत शिरला असणार. स्वयंपाकघरातील टेबलावर मी तीसहून अधिक वेळा टाकी रिकामी करून पाहिली होती. पण दरवेळी दोन-तीन सेकंदच आणि दरवेळी कोरड्या अवस्थेत. म्हणजे जी चाचणी नापास होणार होती, तेवढी एकच करायची मी टाळली होती.

ज्यांनी थ्रेशरचा इतिहास वाचला आहे, ते एव्हाना हसत असतील. १० एप्रिल १९६३ रोजी केप कॉडच्या पूर्वेस, पोर्ट्समथ नौदल गोदीतील दीर्घ दुरुस्तीनंतरच्या खोल चाचणीत ती नौका १२९ जणांसह बुडाली आणि तिचे तुकडे सुमारे २,५६० मीटर खोल तळावर विखुरले. चौकशी न्यायालयाच्या मते इंजिन कक्षातील खाऱ्या पाण्याच्या नळाचा जोड फुटला असावा, फवाऱ्याने विद्युत यंत्रणेत बिघाड होऊन अणुभट्टी बंद पडली असावी आणि नौकेची गती गेली असावी. ध्वनींच्या नोंदींचा पुढे अभ्यास करणाऱ्या काहींनी विद्युत बिघाड आधी झाला असे मांडले आहे आणि मला ते म्हणणे विचार करण्याजोगे वाटते. पण शेवटच्या टप्प्याविषयी फारसा वाद नाही. सोबतच्या स्कायलार्क या जहाजाला किरकोळ अडचण असल्याचा आणि टाक्या रिकाम्या करण्याचा प्रयत्न चालू असल्याचा संदेश आला. नौका मात्र वर आली नाही. नंतर त्याच वर्गातील टिनोसा या नौकेवर धक्क्यालाच चाचणी घेतली, तेव्हा उच्च दाबाच्या हवेतील ओलावा दाब कमी करणाऱ्या झडपांपाशी असलेल्या जाळ्यांवर गोठला आणि सुमारे अर्ध्या मिनिटात हवा अडली. अर्ध्या मिनिटाची ही चाचणी आधी झाली असती तर काय घडले असते, हा प्रश्न मी माझ्या पितळी जाळीकडे पाहून स्वतःला विचारला आणि उत्तर फारसे सुखावह नव्हते.

माझे मत असे, की त्या दुर्घटनेची खरी गोष्ट जाळीपेक्षा जोडांत आहे. दुरुस्तीच्या काळात चांदीच्या डाखाचे १४५ जोड ध्वनिलहरींनी तपासले गेले आणि त्यांपैकी सुमारे १४ टक्के निकृष्ट निघाले. नौकेवर असे जोड तीन हजारांच्या घरात होते. उरलेल्या जोडांवरील आवरण काढून ते तपासण्यात वेळ आणि पैसा जाणार होता, गोदीला नौका वेळेवर परत द्यायची होती आणि तपासणी तेथेच थांबली. नौदलाच्या अणुभट्ट्यांच्या विभागाचे प्रमुख हायमन रिकोव्हर यांनी गोदीतील कामाच्या दर्जावर पुढे कठोर टीका केली. ती योग्यच होती. पण भट्टी बंद पडताच मुख्य यंत्राची वाफ तोडण्याची तेव्हाची कार्यपद्धती त्यांच्याच विभागाची होती आणि ती अपघातानंतर बदलावी लागली, हेही विसरता येत नाही. रिकोव्हर प्रत्येक अधिकाऱ्याची निवड स्वतः मुलाखत घेऊन करीत. एवढी पकड असलेल्या माणसाच्या नजरेतूनही एक वाट सुटली.

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकी नौदलाने ‘सबसेफ’ ही व्यवस्था सुरू केली. समुद्राचा दाब ज्या ज्या भागावर पडतो, त्याचे साहित्य कोणते, काम कोणी केले आणि तपासले कोणी, याचा लेखी पुरावा नसेल तर तो भाग सुरक्षित मानायचाच नाही, असे तिचे सार आहे. त्यानंतर समुद्रात गमावलेली एकमेव अमेरिकी पाणबुडी म्हणजे १९६८ मधील स्कॉर्पियन, आणि तिला सबसेफचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. खर्चाविषयी तक्रार करणाऱ्यांना मी २००५ मधील सॅन फ्रान्सिस्को या पाणबुडीची आठवण देतो. ग्वामच्या दक्षिणेस पूर्ण वेगात ती समुद्रातील डोंगरावर आदळली, एक खलाशी मृत्युमुखी पडला, पुढचे टोक चेपले. तरी मुख्य कवच टिकले आणि टाक्यांतील पाणी बाहेर फेकून ती वर आली. कप्तानाला पदावरून दूर केले गेले आणि निवृत्त होऊ घातलेल्या होनोलुलू या पाणबुडीचे नाक तिला जोडले गेले, ज्याचा अंदाजित खर्च सुमारे ७.९ कोटी डॉलर होता. आपल्याकडे २०१४ मध्ये मुंबईजवळ सिंधुरत्न या पाणबुडीवर धूर होऊन दोन अधिकारी गेले, तेव्हा नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ती नौका अणुशक्तीवर चालणारी नव्हती, पण सही कोणाची आणि जबाबदारी कोणाची हा प्रश्न तोच आहे.

म्हणून मी एक वही घातली आहे. डब्ल्यूटीसीवरील प्रत्येक जोडाला क्रमांक, अ‍ॅराल्डाइट लावल्याची तारीख, बादलीत बुडवून दाब दिल्याची वेळ आणि दोन सह्या. दुसरी सही नववीत शिकणाऱ्या भाचीची. पहिल्याच संध्याकाळी तिने सातव्या जोडापाशी पेन खाली ठेवले. “मामा, याची चाचणी मी पाहिलेली नाही, मग सही कशी करू?” मी म्हणालो की मी केली आहे ना. त्यावर ती काहीच बोलली नाही आणि सहीही केली नाही. चाचणी पुन्हा केली. सातव्या जोडातून बुडबुडे आले.

दाबनियंत्रकाबाबत माझा पहिला बेत जाळी काढून टाकण्याचा आणि नळीच्या पुढे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची कुपी बसवण्याचा होता. कुपीसाठी नळकांड्यात जागाही करून ठेवली. हे लिहीत असतानाच मात्र त्रिएस्तेची आठवण झाली. थ्रेशरचे अवशेष शोधायला गेलेल्या त्या खोलपाण्याच्या यानात भार म्हणून लोखंडी गोळ्या असत आणि त्या विद्युतचुंबकाने धरून ठेवलेल्या असत. वीज गेली की भार आपोआप सुटे आणि यान वर येई. म्हणजे वर येण्यासाठी काही चालू राहण्याची गरजच नाही. माझी सारी योजना मात्र वायू वाहत राहील, सर्व्हो फिरेल आणि रेडिओ ऐकू येईल या तीन गृहीतकांवर उभी होती.

तेव्हा कुपीचा बेत रद्द. वायू रोजच्या वापरासाठी राहील, जाळीही राहील. पण तळाशी ३०० ग्रॅमचा भार पाच व्होल्टच्या धारक चुंबकाने लटकवणार आहे. संदेश दहा सेकंद तुटला किंवा बॅटरी संपली तर तो सुटेल आणि पाण्यात सुमारे २६० ग्रॅमची उचल मिळेल. यासाठी मी उत्साहाने शिशाची कांब विकत आणली आणि शिसे चुंबकाला चिकटत नाही हे घरी येऊन आठवले. ती कांब आता तोल साधण्याच्या कामी येईल. लोखंडी पट्टी लेथवाल्याकडे दिली आहे. पट्टी गंजली तर ती चुंबकाच्या तोंडाला चिकटून बसेल, ही नवी भीती आहे आणि जस्ताचा लेप त्यावर पुरेल की नाही हे पाहायचे आहे. चुंबक अर्धा अँपिअर सतत खातो, त्यामुळे बॅटरी मोठी घ्यावी लागेल आणि मागील तोल पुन्हा बिघडेल.

वहीत चुंबकासाठी एकविसावे पान काढले आहे. बारा तास पाण्यात ठेवून वीज तोडल्यावर भार वीस वेळा सुटला पाहिजे, अशी अट भाचीने घातली आहे. काल रात्रीपर्यंत सतरा वेळा सुटला. अठराव्या वेळी तो दोन सेकंद उशिरा पडला, म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली आहे.