कापसाच्या वाटेनं मुंबई

सहलीत मुंबईच्या जुन्या टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्यांवर नववीच्या मुलांना बसवलं आणि विचारलं, "समोर आज बाग आहे, तिथं दोनशे वर्षांपूर्वी काय असेल?" यवतमाळ जिल्ह्यातली ही मुलं, निम्म्यांच्या घरी पऱ्हाटी. तरी कापूस कुणाच्याच तोंडी आला नाही. १८३३ साली हा टाउन हॉल बांधून झाला तेव्हा समोरच्या मैदानात कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागत. पुढे तो बाजार कुलाब्याला गेला, मग शिवडीच्या बाजूला.

तिथून ससून डॉक. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत आता मासळीचा लिलाव चालतो. मुलं टोपल्यांकडेच बघत राहिली, मीही घाई केली नाही. मग एका कडेला उभं राहून अमेरिकेतलं यादवी युद्ध सांगितलं. १८६१ ते १८६५. अमेरिकेचा कापूस अडला, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपला लागला, मुंबईत पैशाचा पूर आला. "म्हंजे लढाई तिकडं अन् भाव इकडं वाढला?" एकानं विचारलं. लगेच मागची मुलगी म्हणाली, "मग लढाई थांबल्यावर?" १८६५ मध्ये भाव कोसळले, कंपन्या आणि बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदसारखा व्यापारीही दिवाळखोर झाला. भाव पडणं म्हणजे काय, हे या मुलांना मी समजावायची गरज नव्हती. पाठ्यपुस्तकातल्या 'जागतिक व्यापार' या शब्दांनी वर्गात जे कधीच साधलं नव्हतं, ते त्या धक्क्यावर साधलं.

बंदराच्या आत जायला परवानगी लागते, म्हणून व्हिक्टोरिया डॉकची गोष्ट भायखळ्याच्या अग्निशमन मुख्यालयाबाहेर सांगितली. १४ एप्रिल म्हटलं की आमच्या मुलांना आंबेडकर जयंती आठवते. १९४४ च्या त्याच तारखेला 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर आग लागली. पोटात दारूगोळा आणि त्याच्यासोबत कापसाच्या गाठी. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले, पेटता कापूस वस्त्यांवर पडला, शेकडो माणसं गेली. त्यात आग विझवायला धावलेले जवानही होते. देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून तोच दिवस पाळतात. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, आग लागल्यावर काय होतं हे पाहिलेला एक मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्यानंच विचारलं, "सर, कापूस अन् बारूद एकत्र भरू दिलं कुणी?" युद्धकाळातली घाई, जहाजांची टंचाई, सगळं बोललो. इतिहासाच्या तासाला जबाबदारीचा प्रश्न मुलांकडून यावा, असं मला फार वाटतं.

१९४६ चा नौसैनिकांचा उठाव कुलाब्यात त्यांच्या स्मारकापाशी थोडक्यात उरकला. त्याला खरं तर वेगळा दिवस हवा.

सहल काढणाऱ्या शिक्षकांना एकच सांगेन: ठिकाणं कमी ठेवा, धागा एक ठेवा, आणि तो मुलांच्या घरातून निघू द्या. आमच्या मुलांनी आता आजोबांना विचारायच्या प्रश्नांची यादी केली आहे. पहिला प्रश्न आहे, तुमच्या वेळी गाठी कुठल्या स्टेशनावर चढायच्या?