पिफला जाताय? चित्रपट कसे निवडाल

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, म्हणजे पिफचं, वेळापत्रक हाती आलं की बहुतेक जण आधी ओळखीची नावं शोधतात. फ्रान्समधल्या कान महोत्सवात गाजलेला, व्हेनिस महोत्सवातून आलेला, ऑस्करच्या चर्चेत असलेला. यंदा मी उलटीकडून सुरुवात केली. जे चित्रपट पुढे मला कुठेही बघायला मिळणार नाहीत ते आधी ठरवले, आणि उरलेल्या वेळेत गाजलेले बसवले. बाहेरगावाहून पिफला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन.

कारण साधं आहे. गाजलेला चित्रपट चार-सहा महिन्यांत मुबीवर किंवा दुसऱ्या कुठल्या ओटीटीवर येतो. जॉर्जिया किंवा कोसोवोतल्या एखाद्या दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट मात्र क्वचितच येतो. शिवाय महोत्सवातल्या खेळांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते, म्हणून तिथे चित्रपट न कापता दिसतो. नोंदणीला अठरा वर्षांची अट असते ती त्यामुळेच.

परदेशातल्या मोठ्या महोत्सवांचं वर्षाचं चक्र लक्षात घेतलं की यादी वाचणं सोपं जातं. कान मे महिन्यात, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. तिथले चित्रपट जानेवारीत पुण्याला पोचतात. बर्लिन फेब्रुवारीत असल्यामुळे तिथल्या नव्या चित्रपटांसाठी पुढच्या वर्षाची वाट बघायची. माहितीपत्रकात ‘ऑस्करसाठी अधिकृत प्रवेशिका’ असं दिसलं की हुरळून जाऊ नका. प्रत्येक देश आपला एकच चित्रपट पाठवतो, आणि अशा चित्रपटांची संख्या मोठी असते. त्यातून डिसेंबरमध्ये निवडलेली १५ चित्रपटांची यादी वेगळी. आणि देशाची समिती बरेचदा सर्वांना चालेल असाच चित्रपट निवडते, हे माझं मत दरवर्षी पक्कं होत चाललं आहे.

माहितीपत्रकातल्या दोन ओळींच्या कथासारावर मी फारसा विसंबत नाही. ‘स्वतःचा शोध’, ‘नात्यांचा गुंता’ हे शब्द कुठल्याही चित्रपटाला लागू पडतात. मी बघतो ते दिग्दर्शकाचा कितवा चित्रपट आहे, लांबी किती आहे आणि पैसा कुठल्या कुठल्या देशांचा आहे. पहिला किंवा दुसरा चित्रपट, नव्वद मिनिटांच्या आसपास, असं दिसलं की मी खूण करतो. अडीच तासांचा चित्रपट सकाळीच घ्यावा; रात्रीच्या खेळाला इंग्रजी सबटायटल वाचून डोळे थकलेले असतात आणि संथ चित्रपटावर त्यामुळे अन्याय होतो.

जागतिक स्पर्धेतले चित्रपट चुकवू नका. तिथे साधारण १४ चित्रपट असतात, आणि महाराष्ट्र शासनाचा ‘प्रभात’ पुरस्कार त्यांच्यातून दिला जातो. मराठी स्पर्धेतल्या पुरस्काराला ‘संत तुकाराम’ हे नाव आहे. प्रभात कंपनीचा त्या नावाचा चित्रपट १९३६ चा, आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसला त्याचा गौरव झाला. ज्या प्रभात स्टुडिओत तो घडला तिथे आज एफटीआयआय ही चित्रपटाचं शिक्षण देणारी संस्था आहे. विधी महाविद्यालय (लॉ कॉलेज) रस्त्याने जाताना त्या फाटकासमोर थोडं थांबा.

त्याच रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था पी. के. नायर यांनी उभी केली. महोत्सवाचे खेळ तिथे असतील त्या वर्षी एखादा तरी तिथेच बघावा, आणि शक्य झालं तर सिंहावलोकन विभागातला. जुन्या दिग्दर्शकाचे तीन-चार चित्रपट ओळीने पाहिले की त्याची नजर कशी बदलत गेली ते दिसतं. घरच्या पडद्यावर एवढी सलगता साधत नाही.

आता जाण्याराहण्याचं. महिना पक्का धरून तिकिटं काढू नका. पिफ सहसा जानेवारीत असतो, पण २०२२ चा मार्चमध्ये आणि २०२५ चा फेब्रुवारीत झाला. तारखा जाहीर झाल्या की लगेच नोंदणी करा. काही शे रुपयांत अख्खा आठवडा मिळतो. चित्रपटगृहं थोडीफार बदलत असतात, पण सेनापती बापट रस्त्यावरचा पॅव्हेलियन मॉल अलीकडे मुख्य ठिकाण आहे. पुणे स्टेशनवरून मेट्रोने थेट नळ स्टॉपला या. एसटीने स्वारगेटला उतरलात तर जिल्हा न्यायालय स्थानकावर मेट्रो बदलावी लागते. राहायला एरंडवणे किंवा डेक्कन गाठा. पॅव्हेलियन आणि संग्रहालय यांमधलं अंतर पायी अर्ध्या तासाचं आहे, संध्याकाळच्या वाहतुकीत रिक्षापेक्षा चालणं बरं. औंध किंवा कॅम्पातलं चित्रपटगृह यादीत असेल तर एकाच दिवशी दोन टोकं घेऊ नका.

खुर्ची राखीव नसते, आधी येईल त्याला जागा. सकाळच्या खेळाला पंधरा-वीस मिनिटं आधी पुरतं. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी पाऊण तास धरा. दिवसाला चार चित्रपट बसतात, मी तीनच ठरवतो आणि एक जागा मोकळी ठेवतो. ती जागा रांगेतल्या गप्पांतून भरते. पुण्याच्या रांगेत फिल्म सोसायटीत मुरलेले काका-काकू असतात. ‘काल काय पाहिलंत?’ एवढं विचारलं की देश, दिग्दर्शक आणि दोष सगळं कळतं. या वेळी रांगेतल्या एका आजींच्या सांगण्यावरून पाहिलेला चित्रपट माझ्या यादीतल्या निम्म्या चित्रपटांहून सरस निघाला. ज्या चित्रपटांचा दुसरा खेळ लागतो त्यांच्यासाठी ही मोकळी जागा फार कामी येते.

पसंत न पडलेला चित्रपट सोडून जायला हरकत नाही. पहिल्या अर्ध्या तासात, कडेच्या खुर्चीवरून, मोबाइलचा दिवा न लावता उठावं.

मराठी स्पर्धेच्या खेळाला मात्र शेवटपर्यंत थांबा. दिग्दर्शक, नट, छायालेखक बरेचदा पडद्यापुढे येतात, आणि बरीचशी मंडळी श्रेयनामावली सुरू होताच पुढच्या रांगेकडे धावतात. या चित्रपटांपैकी अनेकांना नंतर चित्रपटगृहात आठवडाभरही खेळ मिळत नाहीत. तेव्हा प्रश्न विचारा, आवाजाबद्दल, संकलनाबद्दल, पैसा कसा जमवला याबद्दल. ‘चित्रपटातून काय सांगायचं होतं?’ हा प्रश्न सोडून काहीही विचारा. विद्यार्थ्यांच्या लघुपटांनाही हेच लागू आहे. तिथे गर्दी कमी असते, आणि बनवणारी मुलं शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असतात.