मांडवांच्या सणात जेरुसलेम

योम किप्पुरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुटला की त्याच रात्री जेरुसलेममध्ये हातोड्यांचे आवाज सुरू होतात. चार दिवसांत मांडवांचा सण येणार असतो, त्यामुळे गच्चीत, अंगणात, जिन्याच्या वळणावर, हॉटेलच्या फुटपाथवर, जिथे जागा मिळेल तिथे लोक लाकडी चौकटी ठोकतात. या मांडवाला ते सुक्का म्हणतात. भिंती कापडाच्या असल्या तरी चालतात, छप्पर मात्र झावळ्या-फांद्यांचंच हवं आणि रात्री त्यातून चांदण्या दिसायला हव्यात. सात दिवस जेवण तिथेच, काहींचं झोपणंही तिथेच.

मी 2019च्या ऑक्टोबरमध्ये गेले. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या जुन्या मराठी ख्रिस्ती, गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणायच्या, फादरांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा. तो उरकला आणि मी निघाले. पवित्र भूमीच्या यात्रा आमच्याकडून पुष्कळ जातात, पण बहुतेक नाताळच्या नाही तर ईस्टरच्या सुमाराला. मला येशूचा स्वतःचा सण पाहायचा होता.

माखाने येहुदा बाजाराजवळ सणाच्या चार वस्तूंची दुकानं लागली होती. खजुराची न उमललेली झावळी, मर्टल या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या, ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या फांद्या आणि महाळुंग. दाढीवाले आजोबा भिंग लावून एकेक महाळुंग तपासत होते. सालीवर डाग नको, देठ शाबूत हवा. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात हा सण सांगितला आहे, आणि तो अध्याय असा भिंगाखाली धरून जगणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते.

आम्हा ख्रिस्ती लोकांना ज्यूंचे हे सण माहीत असतात ते एका तक्त्यासारखे: कुठला सण म्हणजे ख्रिस्ताच्या कथेतलं काय. वल्हांडण म्हणजे ख्रिस्ताचं मरण, प्रथमफळ म्हणजे पुनरुत्थान, सप्तकांचा सण म्हणजे पेंटेकॉस्ट, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे इब्री लोकांस पत्रातला महायाजक. तक्ता चुकीचा नाही. ख्रिस्त हा आपला वल्हांडणाचा यज्ञ, असं पौलानेच करिंथकरांना लिहिलं आहे. पण तक्ता पाठ झाला की आपण तो मिटून ठेवतो आणि ज्या सणांतून ही वाक्यं उगवली ते सण आपल्या दृष्टीने संपून जातात. शिलोआमच्या तळ्याकाठी मला हे जाणवलं, म्हणून तिथलं जरा सविस्तर सांगते.

जुन्या शहराच्या दक्षिणेला, उताराच्या पायथ्याशी हे तळं आहे. 2004 साली सांडपाण्याची नळवाहिनी दुरुस्त करताना कामगारांना दगडी पायऱ्या लागल्या. रॉनी राइख आणि एली शुक्रोन या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा येशूच्या काळातलं तळं हाती आलं. मी गेले तेव्हा एकाच बाजूच्या पायऱ्या उघड्या होत्या, बाकीचा भाग शेजारच्या बागेखाली होता. वरच्या अंगाला सिलवान वस्तीतली पॅलेस्टिनी घरं आहेत, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आहेत. त्या खोदकामाशी आजचं राजकारण जोडलेलं आहे आणि तिथे उभं राहून ते दिसत नाही असं म्हणता येत नाही. मी हिज्किया राजाच्या जुन्या पाणबोगद्यातून चालत आले होते. 533 मीटर लांब, काळोख, गीहोन झऱ्याचं गार पाणी. बाहेर रणरणतं ऊन होतं. जेरुसलेममध्ये मे महिन्यापासून पाऊस जवळजवळ नसतोच, आणि ऑक्टोबरपर्यंत जुन्या काळी घरोघरची टाकी तळाला गेलेली असत.

जेरुसलेममधलं ज्यूंचं मंदिर उभं होतं तेव्हा या सणात रोज सकाळी याजक इथे येई, सोन्याच्या भांड्यात पाणी भरून घेई. पाणीवेशीपाशी शिंग फुंकलं जाई आणि ते पाणी द्राक्षारसाबरोबर वेदीवर ओतलं जाई. मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या जुन्या नियमग्रंथात, हे सगळं बारकाईने नोंदलेलं आहे. रात्री मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याचे उंच दिवे लागत. त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या वस्त्रांच्या. त्या उजेडाने उजळलं नाही असं अंगण जेरुसलेमात उरत नसे, असं मिश्ना म्हणते. ज्याने हा आनंद पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असंही म्हणते.

आता योहानाचं शुभवर्तमान उघडा. सातव्या अध्यायात हाच सण आहे. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहतो आणि तहानलेल्यांना मोठ्याने आपल्याकडे बोलावतो. आठव्यात तो जगाचा प्रकाश असल्याचं सांगतो. नवव्यात जन्मांधाच्या डोळ्यांना चिखल लावून त्याला याच शिलोआमला धुवायला पाठवतो. पाणी, दिवे, तळं, सगळं एकाच सणातलं. कोरड्या टाक्यांच्या शहरात, पावसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या लोकांसमोर तो बोलत होता. आमच्याकडे जन्मांधाचा उतारा ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाचतात. तो अर्थपूर्ण आहेच, पण सणापासून सुटा झाल्यामुळे त्यातली तहान निघून गेली आहे. त्या पायऱ्यांवर बसून मी तिन्ही अध्याय सलग वाचले, आणि इतकी वर्षं ऐकलेली वाक्यं पहिल्यांदा एकमेकांना धरून उभी राहिली.

सणाच्या मधल्या दिवसांत जुन्या मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या पश्चिम भिंतीपाशी याजकांचा आशीर्वाद असतो. याजककुळातले शेकडो पुरुष डोक्यावरून पांढरी शाल ओढून एकसुरात तो आशीर्वाद म्हणतात. मी बायकांच्या बाजूला होते. शेजारची बाई तान्ह्या बाळाला शालीत गुंडाळून डोळे मिटून उभी होती. शब्द हिब्रू होते तरी मला ओळखता आले, कारण बायबलमधल्या गणना पुस्तकातला हाच आशीर्वाद आमच्याकडे दर 1 जानेवारीला मिस्साच्या पहिल्या वाचनात असतो.

ख्रिस्ती लोकही या सणाला जेरुसलेमला येतात. 1980 पासून दर वर्षी जगभरचे इव्हँजेलिकल ख्रिस्ती इथे जमतात आणि शहरातून मिरवणुकीत चालतात, कारण सर्व राष्ट्रं मांडवांच्या सणाला वर येतील असं जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. ब्राझीलचे, फिजीचे, घानाचे झेंडे पाहताना मलाही भरून आलं. पण संध्याकाळी काही जणांशी बोलताना मन खट्टू झालं. त्यांच्या लेखी सण म्हणजे जगाच्या शेवटाचं वेळापत्रक होतं. मांडवात जेवणारी माणसं त्या वेळापत्रकातल्या खुणा होत्या. आणि तिथून थोड्याच अंतरावर राहणाऱ्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती कुटुंबांची तर त्या बोलण्यात जागाच नव्हती.

याच्या उलट टोकाचा इतिहासही आपलाच आहे. प्राचीन अंत्युखिया शहरातले ख्रिस्ती लोक या सणांना हौसेने सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जात, म्हणून तिथल्या योहान क्रिसोस्तोम या धर्मगुरूने 386-387 साली अतिशय कठोर प्रवचनं दिली. पुढे युरोपात पवित्र आठवडा म्हटलं की ज्यूंनी घराची दारं लावून घ्यावीत अशी वेळ आली. कॅथलिक चर्चने ज्यू लोकांविषयी अधिकृतपणे आदराची भाषा लिहिली ती 1965च्या ‘नॉस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात. इतक्या उशिरा.

मला हवं होतं ते दिमोनात मिळालं. बिअर शेव्हाला बस बदलून नेगेवच्या वाळवंटातल्या या गावी गेले. मुंबईच्या मैत्रिणीची आत्या तिथे राहते. अलिबागच्या बाजूचं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातलं मराठी ज्यू, कुटुंब, साठच्या दशकात आलेलं. इमारतीखाली त्यांचा मांडव होता. वर खजुराच्या झावळ्या, भिंतींना जुन्या साड्या, दाराला आंब्याच्या पानांचं प्लास्टिकचं तोरण.

“ये गं, बस. आधी जेव, मग प्रश्न विचार,” आत्या म्हणाल्या.

नारळाच्या दुधातली कोंबडी आणि भात. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून कोकणातला नारळ या घरांत कायमचा राहिला. नव्या वर्षाला केलेल्या चिकाच्या हलव्याच्या गोष्टी झाल्या. पूर्वी कोकणात खिरीचा सण असायचा, नव्या भाताची खीर करायचो असं आजी सांगायची, असंही त्या म्हणाल्या. मी आगेऱ्याचं सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, “लोंब्या देवळात ठेवता की घरी आणता?” घरी आणतो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. सात दिवसांनंतर, समारोपाच्या आठव्या दिवशी सिनेगॉगमध्ये पावसासाठी प्रार्थना होते. अलिबागला तेव्हा भात कापणीला आलेलं असे. पाऊस नकोच, आला तर नुकसान. तरीही त्यांचे वाडवडील उभे राहून पाऊस मागत, कारण तो जेरुसलेमचा पाऊस होता. कधी न पाहिलेल्या भूमीची तहान ती माणसं कोकणात जपत होती.

चार वर्षांनी याच सणाच्या अखेरच्या दिवशी, 7 ऑक्टोबर 2023ला, गाझाच्या सीमेवर हत्याकांड झालं. त्यानंतरच्या युद्धात गाझामधली ख्रिस्ती माणसं चर्चमध्ये आश्रयाला असताना मेली. आत्यांना फोन केला तेव्हा त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली, आणि मग बराच वेळ त्यांच्या नातवाबद्दल बोलत राहिल्या.

हल्ली आमच्याकडेही काही ठिकाणी पवित्र गुरुवारी सेदर, म्हणजे ज्यूंचं वल्हांडणाचं विधिवत भोजन, करतात. हेतू चांगला असतो, तरी मी त्यात भाग घेत नाही. आजचा सेदर मंदिर पडल्यानंतर रब्बींनी घडवलेला आहे, तो त्यांच्या घरातला आहे. त्यांनी बोलावलं तर जावं, मांडीवर रुमाल घेऊन जेवावं आणि ऐकावं. स्वतःच्या घरात मात्र मी एक केलं आहे. आगेऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या प्रार्थना गटात योहानाचे सातवा, आठवा, नववा हे तीन अध्याय मोठ्याने सलग वाचतो. वाचायला तासभरही लागत नाही. त्याआधी कुणीतरी मिश्नामधलं पाण्याचं आणि दिव्यांचं वर्णन सांगतं, आणि शेवटी दिमोनाच्या त्या घरासाठी, सिलवानमधल्या घरांसाठी आणि गाझाच्या चर्चसाठी प्रार्थना होते.